फोटोत तू का रडते आहेस

पुणे

चि. मनू हिस,


तुझी मेल वाचली आणि उत्तर हातानेच लिहायला घेतलं. तुला दत्तक घ्यायला आलेले आईबाबा इतके का फिरले, असं तू विचारलंस. अल्बममध्ये शनिवारवाडा आहे, पाताळेश्वर आहे, केळकर संग्रहालयाचं दार आहे, दिल्लीचं रेल्वे संग्रहालय आहे, आणि बहुतेक फोटोंत तुझा चेहरा रडवेला आहे. ‘मी घाबरलेली असताना त्यांना सहल सुचली कशी?’ हे तुझं वाक्य मला लागलं. प्रश्न रास्त आहे. मी तेव्हा त्यांच्याबरोबर होते, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

आधी कागदांचं. परदेशी जाणाऱ्या दत्तक मुलांसाठीचे नियम १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात घालून दिले. पांडे वकील होते. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्राचाच खटला झाला. तेव्हापासून कागद वाढले, आणि ते वाढले हे फार बरं झालं. तुझ्या वेळी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेचं ना-हरकत पत्र, जिल्हा न्यायालयाचा आदेश, नव्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि शेवटी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीतला व्हिसा अशी रांग होती. आधीचा कागद हातात पडल्याशिवाय पुढचा हलत नसे. पासपोर्टची वाट बघताना वेळ मोकळा होता म्हणून ते फिरले, असंही म्हणता येईल. पण मुख्य कारण ते नव्हे.

मुख्य कारण आम्ही होतो, आम्ही म्हणजे तुझे नातेवाईक.

तू चौदा महिन्यांची होतीस. दत्तक देणाऱ्या संस्थेत तुला सांभाळणाऱ्या ताया पाळीप्रमाणे बदलायच्या. त्या प्रेमळ होत्या, पण संध्याकाळी एक घरी जायची आणि दुसरी यायची. तिथल्या समाजसेविका बाईंनी तुझ्या आईबाबांना बसवून नीट सांगितलं होतं: पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि कडेवर घेणं फक्त तुम्ही दोघांनीच करायचं. मूल कोणाकडेही हात पसरून जातं म्हणून कौतुक करू नका, ही दोन माणसं जात नाहीत हे त्याला आधी कळू दे. आता विचार कर, आमच्या पेठेतल्या घरात हे कसं जमणार? तुझी आजी, दोन काकू, वरच्या मजल्यावरच्या आजी, शाळेतून येणारी पोरं, सगळ्यांचे हात पुढे. नवीन बाळ घरात आलं की ते हातोहात फिरणारच, ही आमची रीत. आजी तर दुखावलीच. ‘माझ्या नातीला मी घ्यायचं नाही?’ म्हणाली. मग तिनेच वाट काढली. तुझ्या आईच्या मांडीवर तुला बसवलं आणि हात न लावता मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मिनेसोटात वाढलेली तुझी आई ती मूठ तुझ्याभोवती फिरताना डोळे मोठे करून बघत होती. नंतर तिने तो सगळा विधी वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच बाहेर पडायला लागले. कोणी नातेवाईक भेटणार नाही अशी जागा म्हणजे पुण्यात पर्यटकांची जागा. मी बरोबर असायचे ती रिक्षा ठरवायला आणि पिशवी धरायला. त्या पिशवीत तुझी दुधाची बाटली, लंगोट, मऊ भाताचा डबा. तुला घ्यायला हात शिवशिवायचे, पण घेतलं नाही. त्या दिवसांतला तुझा-माझा एकही फोटो नाही, त्याचं कारण हे.

जंगली महाराज रस्त्यावरून पायऱ्या उतरून पाताळेश्वरात गेलं की रस्त्याचा आवाज मागे राहतो. आठव्या शतकातलं ते लेणं एकाच काळ्या कातळात कोरलंय. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे. त्याच्या खांबाशी तुझ्या आईने तुला उभं केलं. उन्हात चालून आल्यावर सावलीतला दगड गार लागला असणार, तू तळवा टेकवलास, काढलास, पुन्हा टेकवलास. मग आईच्या गालाला तोच तळवा लावलास. तुझ्या बाबाने फोटो काढला तो त्यानंतरचा, आणि त्यात तू रडते आहेस, कारण देवळात घंटा वाजली.

रडण्याबद्दल समाजसेविका बाई जे म्हणाल्या ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हे मूल कोणासाठी तरी रडतंय, म्हणजे त्याने कोणाला तरी जीव लावला होता. ज्याला एकदा जीव लावता आला त्याला पुन्हाही लावता येतो. तुझ्या आईने ते रडणं थांबवायची घाई कधी केली नाही. ते फोटो फेकलेही नाहीत. हसरे तेवढे निवडून लावणं सोपं होतं.

केळकर संग्रहालयाचा हट्ट बाबाचा. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं आहे. आत राजमुकुटांपेक्षा घरातल्याच वस्तू जास्त: दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, त्यांच्या मुठींवर मोर आणि पोपट. बाबा तुला एकेका काचेपाशी नेऊन मराठीत नावं सांगत होता. इतक्या लहान मुलीला काय कळणार, असं मी म्हणाले. तो म्हणाला, ‘हिच्या पहिल्या चौदा महिन्यांतलं मला काहीच सांगता येणार नाही. निदान हे गाव तरी सांगता येईल.’ मनू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला विचारशील तर हेच आहे. तुझ्या मागे काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून जे दिसेल ते तुझ्यासाठी गोळा करत होते.

व्हिसासाठी दिल्लीला गेल्यावरही त्यांनी ताजमहाल केला नाही. अमेरिकेत सगळे त्याबद्दल विचारतात, असं तू लिहिलंस. तू नुकती रात्रीची सलग झोपायला लागली होतीस, आग्र्याला जाऊन-येऊन सगळा दिवस गाडीत घालवायला आई तयार नव्हती. रेल्वे संग्रहालय वकिलातीसारखंच चाणक्यपुरीत, म्हणून तिथे गेलो. लांब नाकाचं विजेचं इंजिन आहे ना फोटोत, ते १९२८ च्या सुमाराचं, रेल्वेवाले त्याला ‘खेकडा’ म्हणायचे. मुंबई-पुण्यामधला घाट चढायला आणलेलं. बाबाने ते तुला ओळखीच्या माणसासारखं दाखवलं, आणि तू इंजिनाकडे न बघता सबंध वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होतीस. तो फोटो धूसर आला आहे, पण बघ.

राहिलं शेवटचं. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःच्या मुळाची माहिती मिळावी म्हणून तुला स्वतः अर्ज करता येतो. त्याआधी करायचा तर आईबाबांच्या सहीने. जन्मदात्यांची गुप्तता मात्र कायद्याने जपली जाते, त्यामुळे नाव कळेलच असं धरून चालू नकोस. हा विषय आईबाबांपुढे काढायला तू बिचकतेस हे तुझ्या मेलमध्ये जाणवलं. बिचकू नकोस. न्यायालयाच्या आदेशाची आणि सगळ्या कागदांची एक प्रत त्यांनी निघताना माझ्याकडे ठेवायला दिली, ती याचसाठी: तू मागितलीस की द्यायला. आईच्या त्या वहीची झेरॉक्सही त्यातच आहे. पत्ता कळव, पाठवते.

तुझी,
आत्या