सहल पंचायत समितीची

सहल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? किल्ला, धरण, नाहीतर समुद्र! आमच्या शाळेची एक सहल मात्र एका कचेरीत गेली होती. हसलात ना? आमची मुलंही आधी हसलीच होती.

आमची शाळा पहिली ते चौथीची, दोन शिक्षकांची. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. पावसाळ्यात इथे असा पाऊस कोसळतो की भाताची खाचरं तुडुंब भरून वाहतात. १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं मोठं धरणही याच तालुक्यात आहे. पण डोंगरावर पडलेलं पाणी डोंगरावर थांबत नाही. दिवाळी उलटली की वाडीत हंडे-कळश्यांची धावपळ सुरू होते.

शाळेच्या आवारात एक हापसा आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर तो बंद पडला. दांडा कितीही खालीवर करा, नुसती खडखड! खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि चौथीच्या मुली ओढ्याजवळच्या झऱ्यावरून पाणी आणू लागल्या. पहिला तास गणिताचा. त्या तासाला तीन मुलींच्या जागा रोज रिकाम्या असायच्या.

एक दिवस त्यांतलीच एक मुलगी, आमची वर्गनायिका, कळशी खाली ठेवून म्हणाली, "बाई, हापसा कोण नीट करतं?"

"सरकार," मी म्हटलं.

"सरकार कुठं राहतं?"

मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. महिनाभर मी येता-जाता भेटेल त्याला "हापश्याचं तेवढं बघा हो" असं सांगत होते. पण कागदावर एक ओळही लिहिली नव्हती. पुस्तकातलं पत्रलेखन मात्र मुलांकडून घोटून घेत होते! मग ठरवलं, अर्ज मुलांनीच लिहायचा आणि सरकार जिथे राहतं तिथे जाऊन द्यायचा.

डिसेंबरमध्ये एके दिवशी तिसरी-चौथीची सतरा मुलं घेऊन, पालकांची परवानगी घेऊन, आम्ही लाल एसटीत बसलो. राजूर मागे टाकून गाडी घाट उतरू लागली तशी भाताची खाचरं संपली आणि उसाचे फड दिसू लागले. प्रवरा नदी दिसली तेव्हा मुलांनी जोरात हाळी दिली. आपल्या डोंगराचं पाणी आपल्या आधीच अकोल्याला पोचलंय, असं एकाने म्हटलंसुद्धा!

स्टँडवर उतरताच एक मुलगा म्हणाला, "बाई, मी पाहिलंय सरकारचं घर. बाबांबरोबर सातबारा आणायला आलो होतो."

तुमचाही असा घोळ होतो का? मग नीट ऐका. सातबारा, उत्पन्नाचा दाखला ही कामं महसूल खात्याची. तिथे तहसीलदार असतात. शाळा, अंगणवाडी, गुराढोरांचा दवाखाना, गावचे रस्ते, पिण्याचं पाणी यांसारख्या कामांची तालुक्याची कचेरी म्हणजे पंचायत समिती. गावात ग्रामपंचायत, तालुक्यात पंचायत समिती आणि जिल्ह्यात जिल्हा परिषद, अशा या तीन पायऱ्या. महाराष्ट्रात त्यांतल्या वरच्या दोन १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. हेतू एवढाच, की डोंगरातल्या माणसाला हापश्यासाठी मुंबईची वाट धरावी लागू नये.

कचेरीत शिरताच शिपाईमामा म्हणाले, "अर्ज आहे ना? मग आधी बारनिशीत."

बारनिशी म्हणजे कागदांची नोंद होते ते टेबल. तिथल्या ताईंनी आमचा अर्ज पूर्ण वाचला, जाड रजिस्टरात तारीख, विषय लिहिला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक घातला. दुसऱ्या प्रतीवरही तोच शिक्का मारून ती वर्गनायिकेच्या हातात दिली. "ही तुमची पोच. जपून ठेव बाळ. तोंडी सांगितलेलं विसरायला होतं, पण या आकड्याला कुणी 'आम्हाला कळलंच नाही' म्हणू शकत नाही."

तिने ती पोच घडी घालून कंपासपेटीत ठेवली.

मग आम्ही खोल्या पाहिल्या. एका खोलीत शिक्षण विभाग. "माझे पगाराचे कागद इथेच येतात बरं!" असं म्हणताच मुलांनी त्या कपाटाकडे आदराने पाहिलं. पुढे बांधकाम, पशुसंवर्धन, बालविकास. टेबलांवर फायलीच फायली. रस्ता झाला, छत गळलं, गाय आजारी पडली, सगळ्याचा कागद होऊन इथून जातो. कुणी मोजतं, कुणी तपासतं, कुणी सही करतं. काही कागद शंभर किलोमीटरहून लांब जिल्ह्याच्या गावीही जातात. त्या जिल्ह्याचं नाव तेव्हा अहमदनगर होतं. २०२४ पासून ते अहिल्यानगर झालं.

शेवटी सभागृह. लांब टेबलाभोवती खुर्च्या मांडलेल्या, पण बसलेलं कुणीच नाही.

"इथं कोण बसतं?"

"लोकांनी निवडून दिलेले सदस्य," गटविकास अधिकारी साहेबांनी समजावलं. "जिल्हा परिषदेचा एक गट असतो, त्याचे दोन गण करतात. प्रत्येक गणातून एक जण इथे येतो. ते आपल्यातून सभापती निवडतात. २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक अजून झालेली नाही. तोवर प्रशासक कारभार पाहतो."

"मग आमच्या वाडीचं म्हणणं इथं कोण मांडणार?" वर्गनायिकेने विचारलं.

साहेब क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "सध्या तरी तुम्हीच. आणलाय ना अर्ज?"

पाणीपुरवठ्याच्या टेबलावर मात्र आमची फजिती झाली. तिथल्या काकांनी वहीत बोट फिरवलं. "तुमच्या ग्रामपंचायतीची हापश्यांच्या देखभालीची वर्गणी बाकी आहे. त्या पैशांतून सुटे भाग येतात, गाडीचं डिझेल येतं. शाळेचं काम आहे, मी पथकाच्या यादीत घालतो. पण गावात एवढं सांगा."

परतताना एसटीत कुणी गाणी म्हटली नाहीत. मुलांना राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, घराघरातली पाणीपट्टीच येत नाही, मी कुठून भरू?"

मुलांनी घरी जाऊन विचारलं. वर्गनायिका सकाळी मान खाली घालून आली. "बाई, आमचीच राहिलीय. दोन वर्षांची."

मी म्हटलं, "त्यात तुझा काय दोष? आजवर घरी कुणी विचारलंच नसेल. तू विचारलंस."

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा असते. एरवी जिलेबी वाटून झाली की ओटा रिकामा. त्या दिवशी मात्र मुलं जागची हलेनात, म्हणून त्यांच्या आया थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणून बापेही थांबले. ग्रामसेवकांनी बाकीची यादी वाचली. पहिल्यांदा कुरबूर झाली. ज्यांच्याकडे खरंच पैसे नव्हते त्यांना भात विकेपर्यंत मुदत मिळाली. वर्गनायिकेच्या वडिलांनी तिथेच अर्धी रक्कम भरली आणि पावती मागून घेतली.

फेब्रुवारीत पथकाची गाडी आली. कामगारांनी पाइप एकेक करून वर ओढले. झिजलेलं वायसर काढून मुलांना दाखवलं. तळहाताएवढीच वस्तू, आणि तिच्यापायी तीन मुलींचं गणित बुडत होतं! नवं वायसर बसलं, दांडा चार वेळा खडखडला आणि भस्सकन पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ.

सगळी पोरं ओरडत असताना वर्गनायिका ओल्या हातांनी माझ्याजवळ आली.

"बाई, त्या सभागृहातल्या खुर्चीवर बसायला किती वय लागतं?"

"निवडणूक लढवायला एकवीस."

ती नऊ वर्षांची. बोटांवर मोजू लागली. गणित तिचं आता बरं आहे. लगेच म्हणाली, "म्हणजे बाराच वर्षं!"