गाणें कोणाच्या मालकीचें ?

साठी उलटल्यावर माणसाच्या गरजा कमी होतात असें शास्त्रकार म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. जेवण कमी झालें, प्रवास कमी झाला, बोलणेंही पुष्कळ कमी झालें. पण देवपूजा आटोपल्यावर एखादें जुनें पद कानावर पडावें ही हौस मात्र वाढली. जवळा बाजारला घरीं असलों म्हणजे ही हौस मनांतल्या मनांत भागवावी लागते. जालन्यास लेकीकडे गेलों म्हणजे ती व्यवस्था नात पाहते. नात तेरा वर्षांची आहे. ती आपल्या फोनवर बालगंधर्वांचें एखादें पद लावून देते आणि मी डोळे मिटून तें ऐकतों.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजीं मी असाच बसलों होतों. बाहेरच्या गडबडीमुळें ती त्या दिवशीं शाळेंत गेली नव्हती. तिनें फोनच्या कांचेवर बोट फिरवलें, पुन्हां फिरवलें आणि म्हणाली, “आजोबा, गाणीं गेलीं.”

“गेलीं म्हणजे ? काल तर होतीं !”

“नेट बंद आहे. सरकारनें बंद केलंय.”

मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे ते दिवस होते. जालना जिल्ह्यांतल्याच अंतरवाली सराटी येथें १ सप्टेंबर २०२३ रोजीं लाठीमार झाला आणि तेव्हांपासून सारा मराठवाडा ढवळून निघाला होता. त्या फेब्रुवारींत अंबड तालुक्यांत संचारबंदी लागली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांतील इंटरनेट कांहीं तासांसाठीं बंद ठेवण्यांत आलें. हें सर्व मला वर्तमानपत्रावरून ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें एवढेंच, कीं आंदोलनाला आळा घालण्यासाठीं ओढलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बालगंधर्वही बांधलेले आहेत !

“पण गाणीं तर तुझ्या फोनांत आहेत ना ?” मीं विचारलें.

“नाहींत, आजोबा. तीं कधींच फोनांत नव्हतीं. तीं दुसरीकडे असतात. आपण दर महिन्याला पैसे भरतों आणि ऐकतों.”

म्हणजे भाड्यानें ! आमच्या मुलीच्या घरांत हजारों पदें नांदत होतीं अशी माझी समजूत. प्रत्यक्षांत एकही पद घरचें नव्हतें. भाडें थकलें तरी जाणार, मालकाच्या मनांत आलें तरी जाणार, आणि सरकारचा हुकूम निघाला तरीही जाणार.

यांत मौज अशी, कीं आमच्या १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनीं संपतो. बालगंधर्वांच्या ऐन उमेदींतल्या तबकड्या त्या हक्कांतून केव्हांच मोकळ्या झाल्या. कायद्यानें जें गाणें सर्वांचें झालें, तेंच माझी नात महिन्याच्या भाड्यानें ऐकते. नदी सर्वांची खरी. पण घागर ज्याच्या हातीं त्याला पैसे मोजावे लागतात, तसा हा प्रकार.

वाचकहो, आमच्या लहानपणीं गाणें ही वस्तु होती. ती हातांत धरतां येई, पडून फुटे. जवळा बाजारांत एका घरीं चावीचा ग्रामोफोन होता. लाखेची काळी तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटांचें गाणें, आणि वारंवार बदलायची सुई. तासभर राग आळवणाऱ्या गवयाला सव्वातीन मिनिटांत आपलें सर्वस्व सांगावें लागे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें. तबकड्या छापल्या जात जर्मनींत, हानोवर येथें. तेथल्या कारागिरांना गाणें कोणाचें हें कळावें म्हणून गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. ‘हें माझें आहे’ असें गाण्यांतच सांगून ठेवण्याची ती पद्धत मला फार आवडते.

मग रेडिओ आला. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालें आणि वर्षभर आठवड्याला एक या हिशेबानें छप्पन्न गीतें झालीं. माझा जन्म त्यानंतरचा. पण पुण्याच्या आत्याबाईंनीं रेडिओजवळ पाट मांडून, ऐकतां ऐकतां उतरून घेतलेली वही मीं पाहिली आहे. ऐकण्यांत सुटलेल्या शब्दांच्या जागा कोऱ्या सोडून त्या मागाहून शाईनें भरल्या होत्या. गाणें माडगूळकरांचें, चाल फडक्यांची, यंत्र सरकारचें. पण वही आत्याबाईंची. तेवढी मालकी त्यांना पुरत होती.

अशा तऱ्हेनें जुन्याचें गुणगान करण्यास मीं आरंभ केला, आणि नातीला म्हटलें, “पाहा, आमचें गाणें आमच्या फडताळांत असे. तें कोणी बंद करूं शकत नसे.”

ती चटकन् म्हणाली, “पण आजोबा, पणजोबांची कॅसेट तर तुम्हींच पुसलीत ना ? माझीं गाणीं संध्याकाळपर्यंत परत येतील.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. ती हकीगत तिला तिच्या आईनें सांगितली असली पाहिजे. येथें ती मीच सांगून टाकतों.

आमच्या घरीं एक भूपाळी आहे. ती माझ्या आजीनें रचिली. कोठें छापली गेली नाहीं, कोणत्याही संग्रहांत नाहीं. चार कडव्यांची, औंढ्याच्या नागनाथाला उठवणारी. वडील ती रोज पहाटे म्हणत. १९८६ सालीं एका नातलगानें आणलेल्या टेपरेकॉर्डरवर मीं ती त्यांच्या आवाजांत भरून घेतली. १९९१ सालीं वडील गेले. पुढें दोन वर्षांनीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं मुलांच्या नाचाचीं गाणीं भरून न्यावयाचीं होतीं; कोरी कॅसेट मिळेना, घाई होती. एक कॅसेट हातीं लागली, तिची दुसरी बाजू कोरी आहे अशा समजुतीनें मीं यंत्रांत घातली. बाजू उलटी पडली होती. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकचीं इवलीं पाखें असतात; तीं मोडून टाकलीं कीं तिच्यावर पुन्हां मुद्रण होत नाहीं. हें मला माहीत होतें. मोडण्याचें राहिलें होतें.

महिन्याभरानें वडिलांचें श्राद्ध आलें. आईनें सहज सांगितलें, “त्यांची भूपाळी लाव रे जरा.” मीं कळ दाबली आणि घरभर सिनेमाचें गाणें वाजूं लागलें. आई एक शब्द बोलली नाहीं. उठून पानें मांडावयास गेली. पुढें ती बारा वर्षें जगली. तिनें पुन्हां ती कॅसेट मागितली नाहीं.

तेव्हां मालकी म्हणजे रक्षण नव्हे, हें मला नातीनें शिकवावें लागलें असें नाहीं. मला तें ठाऊक होतें आणि मी तें विसरण्याचा प्रयत्न करीत होतों, एवढेंच.

या वडिलांच्या गाण्यालाही एक इतिहास आहे. १९३८ सालीं ते औरंगाबादेस कॉलेजांत होते. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थना म्हणून ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्यावर बंदी आली. ही चळवळ औरंगाबादच्या विद्यार्थ्यांतही होती. मुलांनीं म्हणणें सोडलें नाहीं, आणि शेंकडों मुलांचीं नांवें पटावरून निघालीं. नागपूर विद्यापीठानें त्यांतील पुष्कळांना आश्रय दिला; पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव हेही त्याच मुलांपैकीं. वडिलांना मात्र नागपूर परवडण्यासारखें नव्हतें. ते गांवीं परतले, आणि पदवी कायमची राहिली. एका गाण्याची एवढी किंमत त्यांनीं मोजली. पण त्याबद्दल कुरकुर केलेली मीं ऐकली नाहीं. सभा भरवावयाची तर परवानगी हवी, पत्रक काढावयाचें तर परवानगी हवी, अशा राज्यांत वाढलेल्या माणसाला नंतरच्या घटनेचें केवढें अप्रूप होतें ! भाषणाचें स्वातंत्र्य आणि शस्त्रावांचून शांततेनें एकत्र जमण्याचें स्वातंत्र्य देणारें एकोणिसावें कलम त्यांनीं मला मॅट्रिकच्या आधीं तोंडपाठ करावयास लावलें होतें.

म्हणून त्या दिवशीं जालन्यास बंद पडलेल्या फोनकडे पाहतांना मला केवळ करमणूक बुडाल्याचें वाईट वाटलें नाहीं. मागणी कोणाची योग्य, कोणाची अयोग्य, हा वाद मी येथें काढीत नाहीं. गाडी जाळणाऱ्याचा हात धरलाच पाहिजे. अफवेनें माणसें मरतात हेंही खरें. परंतु तीस वर्षें वर्गावर उभा राहिलेला मनुष्य एक गोष्ट ओळखतो. मागच्या बाकावरच्या एकानें खडू फेंकला म्हणून साऱ्या वर्गाला उभें करणें हें मास्तरला फार सोपें जातें. मीं तें अनेकदां केलें आहे. त्यानें वर्ग शांत होतो. पण ज्यांनीं कांहीं केलें नव्हतें त्या चाळीस मुलांच्या मनांतून मास्तर उतरतो. सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० च्या निकालांत सांगितलें आहे कीं इंटरनेट बेमुदत बंद ठेवतां येणार नाहीं आणि बंदीचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे. हुकूम प्रसिद्ध झाला म्हणजे निदान त्याला विचारतां येतें, ‘कां ?’ वडिलांच्या पिढीला तो प्रश्नही विचारतां येत नव्हता.

आमच्या तालुक्यांत औंढ्याच्या देवळाची एक आख्यायिका लहानथोर सांगतात. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांना हटकलें आणि मागच्या बाजूस जाण्यास सांगितलें. त्यांनीं भांडण केलें नाहीं. मागें जाऊन गाऊं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें. आम्हां ब्राह्मणांना ही गोष्ट सांगतांना थोडें खाली पाहावें लागतें, आणि तें योग्यच आहे. गाण्याची जागा ठरविण्याचा अधिकार आपला आहे असें आपल्याही पूर्वजांना वाटलें होतें. नामदेवांची वाणी मात्र कोणाच्या गाभाऱ्यांत राहिली नाहीं. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत तिचीं एकसष्ट पदें आहेत. तीं पंजाबांत गाइलीं जातात, आणि आमच्या शेजारीं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतही.

याचा अर्थ गाणाऱ्याला मोबदला नको असा मात्र नव्हे. आम्हीं मास्तर मंडळींनीं एका कॅसेटवरून दहा कॅसेटी करून वाटल्या, त्यांतील एकही पैसा कवीला वा गवयाला पोंचला नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार-संगीतकारांना मानधनाचा कायमचा वांटा मिळाला, तो न्यायच झाला. नात महिन्याला भाडें भरते त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. भाडें भरून घर आपलें झालें असें समजूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

असो. उत्तर न सुचल्यामुळें मी गप्प बसलों, तेव्हां नातच म्हणाली, “ती भूपाळी तुम्हांला येते का ?”

“येते. तीन कडवीं.”

“मग म्हणा.”

आवाज साफ राहिलेला नाहीं. तरी म्हटली. तिनें फोन माझ्यापुढें धरला होता हें मला मागाहून कळलें. आवाज भरून घेण्यास नेट लागत नाहीं म्हणे. मीं घाबरून विचारलें, “पाख मोडलेंस का ?” तिला अर्थातच कांहीं कळेना. मग समजावून सांगितल्यावर ती म्हणाली कीं संध्याकाळीं नेट आलें म्हणजे ती हें गाणें पुण्याच्या व नागपूरच्या घरीं पाठवील. मग एका हातून पुसलें गेलें तरी दोन ठिकाणीं राहील.

तसें तिनें केलें. चौथें कडवें कोणालाच सांपडलें नाहीं. वडिलांचा आवाज गेला तो गेलाच. पण दिवाळींत सर्व मंडळी जवळा बाजारला जमली, तेव्हां पहाटे पुतण्याचा सहा वर्षांचा मुलगा अंथरुणांतच ती भूपाळी गुणगुणत होता. दुसऱ्या कडव्यांत मीं एक शब्द चुकून वेगळा म्हटला होता. तोच शब्द तो म्हणत होता. सुधारावा असें मनांत आलें. पण त्या वेळीं तो तिसऱ्या कडव्यावर पोंचला होता, आणि आजीच्या घरांत तिचें गाणें पुष्कळ वर्षांनीं कोणी तरी न सांगतां म्हणत होतें. मी तसाच पडून ऐकत राहिलों.