पडद्यावरचा दुसरा हात

बँकेच्या नोकरीत मी तिजोरी एकट्याने कधीच उघडली नाही. एक किल्ली शाखाधिकारी म्हणून माझ्याकडे, दुसरी मुख्य रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे आणि कोणी रजेवर निघाला तर किल्लीचा ताबा लेखी दिला जाई. ही शिस्त अंगवळणी पडलेल्या माझ्यासारख्याची संगणकापुढे मात्र दोनदा चूक झाली.

पहिली वेळ सिल्लोड तालुक्यातील शाखेत असतानाची. मार्चअखेरची रात्र होती आणि दिवसअखेरची प्रक्रिया मध्येच अडकली. पूर्वी अशा वेळी विभागीय कार्यालयातून संगणक जाणणारा अधिकारी फ्लॉपींचा डबा घेऊन एस.टी.ने येई. आता दूरध्वनीवरून आवाज आला, "सर, माउस सोडा, मी बघतो." मी हात काढला आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. आमचा शिपाई दारातून पाहत होता. म्हणाला, "साहेब, याच्यात कोण शिरलं?" मी हसलो. दहा मिनिटांत काम झाले. घरी परतताना ध्यानात आले, की त्या तरुणाचे नाव मी विचारलेच नव्हते.

दुसरी वेळ घरचीच. माझ्या पुतण्याचे जुन्या मोंढ्यात दुकान आहे आणि जालन्याला शाखा. त्याने दुकानात सर्व्हर बसवला होता. या व्यवस्थेत हिशोबाचा प्रोग्राम सर्व्हरवरच चालतो. शाखेतून केवळ कळ दाबल्याची व माउस हलल्याची खूण जाते, आणि परत येते ती पडद्याची प्रतिमा. त्यामुळे मंद लाइनवरही काम निभते, आणि जालन्याचा संगणक बिघडला तरी खाती शाबूत राहतात. मायक्रोसॉफ्टने 1998 मध्ये विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली, तेव्हापासूनची ही सोय. व्यापाऱ्याला ती खरोखर उपयोगी आहे, हे आजही माझे मत आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. मुनीमजींना घरून काम करता यावे म्हणून संगणकवाल्याने सर्व्हरचे दार थेट इंटरनेटवर उघडून दिले. या दाराचा क्रमांक, 3389, सहसा जगभर सारखाच असतो, आणि चोरांचे प्रोग्राम रात्रंदिवस अशी दारे ठोठावत फिरतात. आमचा पासवर्ड होता दुकानाचे नाव आणि पुढे 123. पुतण्याने मला ते काम कौतुकाने दाखवले. मीही कौतुकच केले. किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे पुन्हा विचारले नाही.

दिवाळीच्या वहीपूजनाआधी आठवडाभर सकाळी दुकान उघडले, तर सगळ्या फाइली कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. प्रत साठवायची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असे, त्यामुळे तीही गेली. खंडणी द्यायची नाही, असे ठरले. पैसे देऊन फाइली मिळतीलच, याची हमी कोण देणार? पोलिसांत तक्रार दिली. खरेदी आणि मोठी विक्री जीएसटी पोर्टल, कागदी बिले व बँकेच्या उताऱ्यांवरून जुळवली. अडले ते किरकोळ उधारीपाशी. टाळेबंदीपूर्वी मुनीमजी कच्ची वही लिहीत; घरून काम सुरू झाले आणि ती सुटली. पुतण्याला एकेका गिऱ्हाइकाला विचारावे लागले, "आमची बाकी किती?" काहींनी आकडा कमी सांगितला, हे कळत होते. फुलंब्रीच्या एका किराणा दुकानदाराने मात्र आमच्या अंदाजाहून अधिक रक्कम सांगितली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठाच आणून दिला.

आता ते दार इंटरनेटवर उघडे नाही. आधी व्हीपीएन, मग पासवर्ड, मग मोबाइलवरचा ओटीपी. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे. प्रतीची डिस्क संध्याकाळी काढून घरी नेतात. संगणकवाला आत येण्यापूर्वी फोन करतो, काम संपताच त्याचा प्रवेश बंद होतो, आणि वहीत तारीख, नाव, वेळ व कारण लिहिले जाते.

जाता जाता एक. फोनवर कोणी बँकेचे नाव सांगून एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला लावले आणि त्यातला कोड मागितला, तर फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच याविषयी सावध केले होते. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

नव्या पद्धतीचा संगणकवाल्याला राग आला होता. म्हणाला, "काका, इतकी वर्षं येतोय, माझ्यावर विश्वास नाही का?" मी सांगितले, की माझा मुख्य रोखपाल आणि मी चार वर्षे एकाच डब्यातले जेवलो, पण त्याने आपली किल्ली मला एकदाही दिली नाही. तो हसला आणि कामाला लागला. पुतण्याने त्याचे नाव वहीत लिहिले, वेळ मात्र राहून गेली. ती मी संध्याकाळी फोन करून भरून घेतली.