काळी फ्रेम काळीच राहू द्या

नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहाने टिपलेल्या सूर्याच्या छायाचित्रांतून २०२० मध्ये एका संपूर्ण दशकाचा व्हिडिओ तयार झाला. दर तासाचे एक छायाचित्र आणि सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पडद्यावर एका सेकंदात एक दिवस सरतो आणि दहा वर्षे ६१ मिनिटांत बसतात. चित्रमालिकांवर संस्करण करणे हे माझे क्षेत्र. सूर्याची उसळती प्रभा कुणालाही मोहवेल, पण मला या व्हिडिओतल्या काळ्या फ्रेम अधिक मोलाच्या वाटतात. अधूनमधून पडदा क्षणभर काळा होतो आणि करणाऱ्यांनी तो तसाच ठेवला आहे. व्हिडिओ पुरावा म्हणून दाखवायचा असेल तर जिथे निरीक्षण नाही तिथे चित्र बनवू नये, हे माझे ठाम मत आहे.

हे सांगावे लागते, कारण शेजारच्या दोन फ्रेमवरून मधली फ्रेम बेमालूम बनवून देणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. पण त्या काळोखात काय आहे ते पाहा. हा उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या सुमारास, साधारण तीन आठवडे पृथ्वी रोज त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येते, जास्तीत जास्त ७२ मिनिटे. तासाला एक चित्र या हिशेबाने अशा दिवशी एखाद-दुसरी फ्रेम जाते, पापणी लवावी इतकीच. ती भरून काढली की खरोखर पडलेली पृथ्वीची सावली आपण पुसून टाकली. २०१६ मध्ये तर उपकरणातल्या बिघाडामुळे सुमारे आठवडाभराचा खंड पडला. पृथ्वीवरून पाहता सूर्य साधारण २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे आठवड्यात पाव फेरी झाली, आणि तेवढ्या काळात सौरडाग उगवतात, पसरतात, विरतात. तो आठवडा संगणकाने रचला असता तर ती निव्वळ कल्पना ठरली असती.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सूर्याचा तो सोनेरी रंग तरी कुठे खरा आहे? १७.१ नॅनोमीटरचे हे अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. शिवाय ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे मूळ चित्र फोर-के पडद्याच्या २१६० ओळींत बसवले की जेमतेम २८ टक्के पिक्सेल उरतात. इतका बदल चालतो, मग एका फ्रेमचे काय? माझे उत्तर असे की रंग आणि आकार प्रत्येक फ्रेमला एकाच नियमाने दिलेले असतात आणि त्यांच्यामागे मोजलेला आकडा असतो. बनवलेल्या फ्रेममागे मोजमापच नसते. फ्रेमागणिक बदलणाऱ्या उजेडाची लुकलुक घालवण्यालाही मी हाच निकष लावतो. उपकरणाची संवेदनशीलता वर्षागणिक घटते. ती मोजून उजेड सारखा केला तर ती दुरुस्ती झाली, नुसते डोळ्यांना बरे दिसावे म्हणून केला तर सूर्याचा स्वतःचा चढउतारही त्यात पुसला जाऊ शकतो. निव्वळ शोभेसाठी केलेल्या व्हिडिओला मात्र हा नियम लावण्याचा माझा आग्रह नाही.

तासाचे अंतर हीसुद्धा एक पोकळीच आहे, आणि ती काळ्या फ्रेमपेक्षा फसवी, कारण ती दिसत नाही. सौरज्वाला काही मिनिटांत भडकून दोन फ्रेमच्या मधोमध विझू शकते. उपग्रहाचा कॅमेरा त्या तरंगलांबीत दर १२ सेकंदांनी चित्र घेतो, म्हणजे तासाला ३००. व्हिडिओत त्यातले एक. उरलेली २९९ जपलेली आहेत म्हणूनच अभ्यासकाला मागे जाऊन ज्वाला शोधता येते. म्हणून व्हिडिओ झाला की मूळ चित्रे पुसून जागा मोकळी करण्याची सवय मला घातक वाटते.

सूर्याची अशी चित्रे आता आपल्याकडेही घेतली जातात: पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली 'सूट' ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या आदित्य-एल१ यानावर आहे. पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या एल१ बिंदूवरून पाहताना पृथ्वी सूर्याच्या आड येत नाही, पण खंड पडायला इतर कारणे असतातच. या किंवा अशा चित्रांचे व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: दोन चित्रांमधला वेळ व्हिडिओवरच लिहा, मूळ फाइली सांभाळा आणि निसटलेल्या फ्रेमची जागा मोकळी सोडा.