संध्याकाळची पंधरा मिनिटं

सिंगापूरमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि बहुतेक शाळा साडेसातला भरतात. स्कूलबस दारात येते तेव्हा बाहेर अंधारच असतो. 2023 च्या एप्रिलमध्ये माझ्या लेकीचं पोट नेमकं त्याच वेळेला दुखायला लागलं. शनिवार-रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काहीच निघालं नाही. पण दुखणं खरं होतं, पोर कळवळायची. शाळा चुकवायला बहाणे करते, असं काही जण म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नाही. मनातलं सांगता येत नसलं की मुलांचं अंग ते सांगतं.

ती तेव्हा प्रायमरी सिक्सला, म्हणजे पीएसएलईच्या वर्षाला होती. बारा वर्षांच्या मुलांची ही परीक्षा इथे 1960 पासून चालत आली आहे आणि पुढची माध्यमिक शाळा तिच्यावर ठरते. विषय चार: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा. मातृभाषा म्हणून घेता येणाऱ्या भाषांत मराठी नाही, म्हणून आमची बरीच मराठी मुलं 'मातृभाषा' म्हणून हिंदीची परीक्षा देतात.

सरकारनं मुलांवरचा भार उतरवायचा मनापासून प्रयत्न केलाय, हे मी मान्य करते. पहिल्या आलेल्या मुलांची नावं 2012 पासून जाहीर होत नाहीत. इतर मुलांशी तुलना करून काढला जाणारा टी-स्कोअर 2021 मध्ये गेला. आता प्रत्येक विषयाला 1 ते 8 अशी श्रेणी मिळते. चारांची बेरीज 4 आली तर सर्वोत्तम, 32 म्हणजे शेवट. 2023 मध्ये तर सहामाही परीक्षाही सगळ्या इयत्तांमधून गेल्या. पण शाळेनं परीक्षा काढून टाकली, त्याच आठवड्यात लेकीच्या ट्यूशनमध्ये सराव परीक्षा लागली. इथली कुटुंबं ट्यूशनवर वर्षाला 1.8 अब्ज डॉलर खर्च करतात, असं 2023 च्या सरकारी पाहणीत आलं. एवढा पैसा ओतल्यावर मुलांकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जात असेल, ते मुलांना न सांगता कळतं.

वर्गशिक्षिकेनं आम्हाला शाळेच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. इथे शाळाशाळांतून समुपदेशक असतात. अभ्यास कसा चाललाय, हे बाईंनी विचारलंच नाही. झोपते किती वाजता, उठते किती वाजता, हे विचारलं. साडेदहा आणि पावणेसहा, म्हणजे सव्वासात तास. या वयाला निदान नऊ तास तरी हवेत. म्हणून विज्ञानाची संध्याकाळची ट्यूशन बंद केली आणि पावणेनऊला दिवे बंद व्हायला लागले. घरात यावर बरीच चर्चा झाली, नवरा आधी तयार नव्हता. मी हटले नाही.

बाईंनी दुसरी गोष्ट दिली ती 'चिंतेची वेळ'. दिवसभरात मनात जी काळजी येईल ती वहीत एका ओळीत लिहून ठेवायची आणि संध्याकाळी ठरलेल्या पंधरा मिनिटांतच तिच्याबद्दल बोलायचं. आईनं उपाय सुचवायचे नाहीत, 'अगं, त्यात काय एवढं' म्हणायचं नाही. फक्त ऐकायचं. वेळ संपली की वही बंद.

कुठल्या भाषेत, असं मी विचारलं. घरात तिला ज्या भाषेत रडता येतं तिच्यात, असं त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही मराठीत बसायचो. तिच्या आयुष्यात ही एकच भाषा अशी होती जिला मार्क नव्हते. ती अडखळायची, मधेच इंग्रजी शब्द घालायची, क्रियापदाचं लिंग चुकायचं. मी काही सुधारलं नाही.

सुरुवातीला ती नुसतीच बसून राहायची. मग एका संध्याकाळी म्हणाली, "आई, मला वाईट स्कोअर आला तर आबांना कसं सांगायचं?" आबा म्हणजे माझे सासरे, कोल्हापूरला असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते प्रेमानंच विचारायचे, "काय मग, पहिला नंबर ना?" त्या रात्री ती झोपल्यावर मी फोन लावला. "आबा, परीक्षा होईपर्यंत तिला अभ्यासाचं विचारू नका, एवढं ऐका माझं." ते जरा वेळ गप्प राहिले. "तिला त्रास होत असंल तर न्हाई विचारत," म्हणाले, आणि शब्द पाळला.

मग रविवारी आबांशी बोलायचं काय? शनिवारची सकाळ आता आम्ही मोकळी ठेवायचो. आम्ही बिशानच्या बागेत जायला लागलो. तिथे कल्लांग नदीत पाणमांजरं दिसतात; एकेकाळी सिंगापुरातून जवळजवळ नाहीशी झाली होती, नद्या स्वच्छ झाल्यावर परतली. पिल्लं किती, मासा कुणी पकडला, हे ती रविवारी आबांना सांगायची. आबा पंचगंगेतल्या त्यांच्या लहानपणीच्या पोहण्याचं सांगायचे.

पोटदुखी एकदम गेली नाही. ऑगस्टमधल्या तोंडी परीक्षेआधी पुन्हा आली. तेव्हा बसची वाट बघताना आम्ही चार आकडे मोजत श्वास घ्यायचो, सहा मोजत सोडायचो. सप्टेंबरअखेर लेखी परीक्षा सुरू झाली तोवर ती पोट धरून बसायची थांबली होती.

फ्रिजवर मी एक नंबर लावला होता: टिंकल फ्रेंड, 1800 2744 788. सिंगापूर चिल्ड्रन्स सोसायटीची ही प्रायमरीच्या मुलांसाठीची हेल्पलाइन 1984 पासून चालू आहे. आई असताना परक्याला कशाला सांगायचं, असं एका मैत्रिणीनं विचारलं. आईला सांगता येत नाहीत अशाही गोष्टी असतात, म्हणूनच. या देशात 10 ते 29 वयाच्या मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आत्महत्या आहे. हे ठाऊक असताना मला तो नंबर माझा अपमान वाटत नाही.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. आकडा कुणाला सांगायचा, हे आम्ही तिच्यावर सोडलं. तिनं तो आबांना स्वतःहून सांगितला, बाकी कुणाला नाही.

2024 च्या जानेवारीत सेकंडरी सुरू झाली, नवी शाळा, नवी मुलं. पहिल्याच आठवड्यात तिनं रात्री जेवताना सांगितलं, "आई, पोटात परत तसंच होतंय. मी उद्या इथल्या काउन्सेलरना भेटून येते." मी सोबत येऊ का, विचारलं. नको म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकटीच जाऊन आली.