हवा कमी, का गारवा कमी?

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'एकोणसत्तर' म्हणजे ६९ की ७९, हा हिशेब मी अजून बोटांवर करते आणि त्यावरून आमच्या रूममध्ये रोज एक तरी जोक होतो. तरीही हा लेख मी इंग्रजी विभागाला न देता इकडे दिला, कारण यंदाच्या सुट्टीत मला धडा शिकवणारा प्रश्न मराठीत विचारला गेला होता. साधा, पाच शब्दांचा प्रश्न. आणि मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असूनही मला तो पहिल्या झटक्यात कळलाच नाही!

त्याचं असं झालं...

मे महिना, त्यात आमचं सोलापूर. पारा ४२ च्या वर. बाबांची गाडी सेकंडहँड, वर्षानुवर्षं घरासमोरच्या कडुलिंबाखाली उभी. एसी लावला की डॅशबोर्डच्या जाळीतून कुणीतरी चहावर फुंकर मारावी तेवढीच हवा यायची. बाबांना एरवी त्याचं काही वाटत नाही. काचा खाली करायच्या आणि निघायचं. पण या वेळी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, डोळ्यात धूळ जाता कामा नये. आणि आजीचा हट्ट, की तिसऱ्या दिवशी मला गावी सोडा, शेळ्यांकडे कोण बघणार? गाव वैरागजवळ, म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता. काचा उघडल्या तर धूळ, बंद ठेवल्या तर भट्टी.

बाबा म्हणाले, "इंजिनिअर बाई, तुम्हीच बघा आता."

रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा पेपर देऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मी ऐटीत जाळीसमोर हात धरला आणि निकाल दिला, "गॅस कमी झालाय." बॉनेटसुद्धा उघडलं नाही! बाबांनी लगेच एका दुकानात जाऊन गॅस भरून आणला. दुकानदारानेही काही तपासलं नाही, मागितलं ते दिलं. अठराशे रुपये गेले आणि फुंकर होती ती फुंकरच राहिली.

बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. पावतीची घडी घालून त्यांनी ती समोरच्या कप्प्यात ठेवली, बस्स. 'लेक मेकॅनिकलला आहे' असं सगळ्या गल्लीला सांगणाऱ्या माणसाचं ते न बोलणं फार लागतं हो. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. मी लगेच कॉम्प्रेसर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, सुपरहीट असं सुरू केलं. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या ताई. हवा कमी, का गारवा कमी? आधी तेवढं सांगा की."

मी गप्प. दोन्ही एकच ना?

नाही मंडळी, दोन्ही एकच नाही! गार करणं हे गॅस आणि कॉम्प्रेसरचं काम. ती गार हवा आपल्या तोंडापर्यंत ढकलणं हे ब्लोअरचं, म्हणजे डॅशबोर्डमागच्या पंख्याचं काम. आपण परीक्षेत 'क्यू इज इक्वल टू एम सीपी डेल्टा टी' लिहितो आणि पाच मार्क घेतो. मी त्यातला फक्त डेल्टा टी पाहिला. त्याच्या शेजारी बसलेल्या एमकडे, म्हणजे हवा किती वाहते याकडे, बघितलंच नाही. हवा कितीही गार असली तरी ती वाहिलीच नाही, तर केबिन गार होणार कशी?

मग मिस्त्रींनी जी तपासणी केली ती क्रमाने लिहिते. सरांच्या गाड्यांनाही उपयोगी पडेल.

आधी त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून मधल्या जाळीला चिकटवली. पट्टी जेमतेम हलली. मग ब्लोअर एकावर, दोनावर, तीनावर, चारावर. "कान द्या," म्हणाले. आवाज प्रत्येक वेळी वाढत होता, म्हणजे मोटर ठीक. पंखा फक्त चारावरच फिरतो आणि बाकी ठिकाणी बंद, असं असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर जळालेला असतो. कारण फुल स्पीडला करंट त्याच्यातून जातच नाही.

मग हवेची दिशा बदलायचा नॉब फिरवला. पायाशी, काचेवर, तोंडावर, सगळीकडे हवा सारखीच मंद. आतलं झाकण अडकलं असतं किंवा त्याची केबल निसटली असती, तर एका बाजूला हवा कमी आणि दुसरीकडे जोरात आली असती.

शेवटी बॉनेट उघडून, बाजूला हो म्हणत, त्यांनी माझा हात एसीच्या जाड पाइपवर ठेवला. पाइप थंडगार, बाहेरून पाण्याचे थेंब डवरलेले. "बघा, घाम आलाय. गॅस काम करतोय. गारवा हितवर येतोय, आत पोचत न्हाई."

पंखा ठीक, दिशा ठीक, गारवा ठीक. मग उरलं काय? मधली वाट!

डाव्या बाजूचा कप्पा काढला, तीच पावती बाहेर पडली, ती मी गुपचूप खिशात घातली. मागे केबिन फिल्टरची जागा रिकामी होती. आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी काढला असावा, परत बसवलाच नाही. त्यामुळे सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर. कॉइल एसी चालू असताना ओली असते, म्हणजे धुळीचा चिखल आणि वर कडुलिंबाच्या पानांचा चुरा. जुन्या गोधडीतून निघावा तसा जाड थर निघाला. कॉइल धुतली तेव्हा खालच्या नळीतून कितीतरी वेळ काळं पाणी येत होतं. धुलाई आणि नवा फिल्टर मिळून नऊशे रुपये झाले. गॅसच्या निम्मे!

परत येताना मी बाबांना सांगितलं, "गॅस कमी नव्हताच. मी न बघताच सांगितलं होतं." या एका वाक्याला जेवढा धीर लागला, तेवढा आजवर एकाही व्हायव्हाला लागलेला नाही. बाबा सिग्नल सुटेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या वेळी आधी बॉनेट उघड." आणि एसी चारावर केला.

तिसऱ्या दिवशी आजीला घेऊन निघालो. डोळ्यावर काळा चष्मा, काचा बंद, आत मस्त गारवा. वैराग यायच्या जरा आधी आजी एकदम पुढे वाकली.

"अगं पोरी, ते म्होरं कागदावानी काय फडफडतंय?"

मिस्त्रींची पट्टी! जाळीवरून काढायचीच राहून गेली होती. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. गेली दोन वर्षं आजीला ताटातली भाकरी चाचपून घ्यावी लागत होती. आज मागच्या सीटवरून तिला बोटभर कागद दिसला होता.

ती पट्टी मी अजून काढलेली नाही. अठराशेची पावती मात्र माझ्या आरएसीच्या वहीत ठेवली आहे, बरोबर त्या फॉर्म्युल्याच्या पानावर.