बाथवरची माणसं आणि जस्ताचे रंग

गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होतो, तेव्हा निम्मा वेळ बाथपाशीच जायचा. बाथ म्हणजे वितळलेल्या जस्ताची लांबलचक टाकी. जस्त 419 अंश सेल्सियसला वितळतं, पण थंड लोखंड आत गेलं की तापमान घसरतं, म्हणून 450 च्या आसपास ठेवायचं. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपात पाणी राहिलं, तर त्याची क्षणात वाफ होऊन जस्त अंगावर उडतं. आमचे मुकादम प्रत्येक पाइपला भोक पाडलंय का, हे स्वतः वाकून बघायचे. ड्रॉइंगवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आधी हायड्रोक्लोरिक आम्लात गंज काढायचा, मग माल धुऊन फ्लक्समध्ये. फ्लक्स म्हणजे झिंक क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइडचं पाणी. तो वाळलेला माल जस्तात उतरला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. नवा माणूस म्हणतो, जस्त जळतंय. तो धूर मुख्यतः अमोनियम क्लोराइडचा. जस्ताचं ऑक्साइड राख होऊन वर तरंगतं. माल वर काढण्याआधी ती बाजूला सारावी लागते, नाहीतर डाग घेऊनच माल बाहेर येतो.

हा मुलामा रंगासारखा नुसता वर बसत नाही. लोखंड आणि जस्त एकमेकांत शिरून मिश्रधातूचे थर बनतात, शुद्ध जस्त असतं ते सगळ्यात वर. पोलादात सिलिकॉनचं प्रमाण अडनिडं असलं की हे थर भराभर वाढत पृष्ठभागापर्यंत पोचतात आणि माल काळपट राखाडी निघतो. गिऱ्हाईक नाक मुरडतं. मुलामा उलट जाडच असतो, पण हे फोनवर कोण ऐकून घेणार!

माझं आवडतं काम मोरचुदाच्या चाचणीचं. नमुना मोरचुदाच्या निळ्या द्रावणात एक मिनिट बुडवायचा, धुवायचा, पुसायचा. जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं काळ्या, भुसभुशीत साक्यासारखं बसतं. फडक्याने ते सहज निघतं. पुन्हा बुडवायचा. जस्त संपून लोखंड उघडं पडलं, की तिथे तांबडं, चकचकीत तांबं धरतं आणि कितीही घासलं तरी हलत नाही. कापलेल्या कडेवरचं तांबडं मात्र हिशेबात धरत नाहीत.

खरी डोकेदुखी पावसाळ्यातली. कोकणात पाठवलेल्या नव्या पत्र्यांच्या थप्पीत पाणी शिरलं आणि आठवड्याभरात पांढरी पूड धरली. गिऱ्हाईक तावातावाने म्हणालं, "साहेब, तुमचं जस्त बनावट आहे." जस्त चोख होतं, कोंडलेलं होतं एवढंच. मोकळ्या हवेत जस्तावर आधी ऑक्साइड, मग ओलाव्याने हायड्रॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की कार्बोनेटचा घट्ट, पाण्यात न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. जस्त टिकतं ते त्याच्या आधारावर. चिकटून रचलेल्या ओल्या पत्र्यांत हवाच जात नाही. गाडी हायड्रॉक्साइडवर अडते आणि पूड वाढत राहते.

जाऊन मुलाम्याची जाडी मोजली, भरली. नायलॉनच्या ब्रशने पूड झाडून पत्रे उभे-तिरके लावायला सांगितलं. पुढच्या गाड्यांत मुकादमांनी पत्र्यांमध्ये लाकडी पट्ट्या घातल्या. त्यांचा जादा खर्च बिलात लावायचा की नाही, यावर हिशेबनिसाशी वाद मात्र पावसाळा संपेपर्यंत चालू होता.